भेटीचं रडणं

आमच्या तांड्यात दोन बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी रडतात. ये-बस, पाणी, चहा सगळं नंतर. एकमेकींच्या गळ्यात हात टाकायचे, डोक्यावरची ओढणी दोघींच्या तोंडावर ओढायची आणि सूर लावायचा. बातम्या सांगायच्या त्या सुरातच. तुझी काकी गेली ग, म्हैस आटली ग, भावाचं लग्न जमलं ग, तुझ्यावाचून अंगण सुनं ग. लग्नात नवरी सासरी निघताना असंच रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात, आणि आमच्या पोरी तो आईकडून, काकीकडून शिकूनच मांडवात बसतात. भेटीचं रडणं ही त्याचीच धाकटी बहीण. सूर ओसरला की नाक पुसायचं आणि एकीनं दुसरीला विचारायचं, "बाटी खादी काई?" बाटी म्हणजे भाकर. जेवलीस का, एवढाच त्याचा अर्थ. ते विचारलं की रडणं संपलं, मग हसणं-खिदळणं सुरू.

आम्ही गोरमाटी, लोक आम्हाला बंजारा म्हणतात. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. माणसं वर्षावर्षांनी भेटायची आणि पुन्हा भेटतील याचा भरवसा नसायचा, म्हणून हे रडणं, असं म्हातारी माणसं सांगतात. आता आमचं हिंडणं आर्णीच्या बाजारापुरतं उरलं आहे आणि फोनवर रोज सगळ्यांची तोंडं दिसतात. तरी रडणं काही सुटलं नाही.

बाहेरच्या माणसाला याचा पत्ता लागत नाही. एकदा आर्णीच्या बसस्टँडवर मी माझ्या नणंदेच्या गळ्यात पडून मनसोक्त रडत होते, तर बाकावरची एक बाई घाबरून म्हणाली, "कोण वारलं वो बाई?" मी ओढणीतून तोंड काढून सांगितलं, "कोणी नाही, नणंद भेटली." बाईनं आपली पिशवी उचलली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

रडण्यात तांड्यात माझा हात धरणारी कोणी नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात. मी अंगणवाडी सेविका. सकाळी लेकरांची वजनं घ्यायची, खिचडी वाढायची, दुपारी सगळं मोबाईलमध्ये भरायचं. पण संध्याकाळी कुणाची लेक माहेरी उतरली की मला बोलावणं येणार, ये, सूर धर. माझा नवरा म्हणतो, "सरकारनं तुले रडायचा पगार द्यायले पाह्यजे, खिचडीचा नाही." आम्ही घरात गोरबोलीत बोलतो, पण इथे ते वऱ्हाडीत लिहिते आहे. नाहीतर वाचणाऱ्याला शेजारी दुभाषा बसवावा लागेल.

एवढं सगळं सांगितलं, कारण माझी लेक ज्या दिवशी घरी आली त्या दिवशी ती रडली नाही.

कापसाचा शेवटचा वेचा निघाला होता आणि बांधावरचे पळस लाल झाले होते. जावयानं तिला मोटारसायकलवर आणली, उमरखेडहून. एक पिशवी खाली ठेवली. मी अंगणवाडीतून धावत आले, ओढणी सावरली, तिला गळ्याशी धरलं आणि सूर लावला. तिचे हात खालीच लोंबत राहिले. मी एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली. तिसरीला माझंच मला कसंतरी वाटायला लागलं. खांबाला मिठी मारावी आणि खांबाची ख्यालीखुशाली विचारावी, तसं ते झालं. शेजारणी जमल्या होत्या. एक हळूच म्हणाली, "शहरात राह्यली न बाप्पा, लाज वाटत असन आता." मलाही क्षणभर तेच वाटलं, आणि राग आला.

जावई चहा न घेताच निघाला. जाताना माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बरी झाली की फोन करा." विहिरीवरची मोटार वाइंडिंगला टाकून जावं, तसं म्हणाला. त्यांची तीन वर्षांची मुलगी त्यानं सोबत आणली नव्हती. "माझ्या आईजवळ हाय, तिकडंच राहू द्या," एवढंच बोलला.

माझी लेक काही मुकी नव्हती. बीकॉम झालेली, कॉम्प्युटरवर हात असा चालायचा की बघणाऱ्याला बोटं दिसू नयेत, आणि जीभ माझ्यावर गेलेली. लग्नाआधी आम्ही दोघी भांडायला लागलो की तिचा बाप बैलांना पाणी पाजायला निघून जायचा, तहान असो नसो. ती आता चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. सांगितलं तर आंघोळ, सांगितलं तर घास. केसांत जटा झाल्या. एकदा मी तिच्यासमोर मुद्दाम तिच्या सासूची नक्कल केली. पूर्वी पोट धरून हसायची. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं, पण त्याला हात लावायची हिंमत नव्हती. आदल्या पावसाळ्यात तिला दुसरं लेकरू झालं, पूर्ण दिवसांचं. मुलगा. तो रडलाच नाही. मला कळवलं दुसऱ्या दिवशी, आणि मी उमरखेडला पोचले तोवर सगळं उरकून गेलं होतं. दारात मी हात पसरले तर विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "रडू नका. नाव नाही, गाव नाही, त्याचं कोणी रडते का? रडलं तर पुढची कूस भरत नाही." आतल्या खोलीत लेक पांघरूण घेऊन पडली होती. मी तिच्या पायाशी बसले. तिचा ब्लाउज दुधानं ओला झाला होता आणि आम्ही दोघी ते न दिसल्यासारखं करत होतो. मग मला जेवायला वाढलं. मी जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. आयुष्यात पहिल्यांदा लेकीला न रडता भेटले आणि न रडता निघाले.

आता ती माहेरी येऊन गप्प बसली, तर तांड्यानं आपलं निदान काढलं. माझी चुलतसासू, जिला सगळा तांडा दादी म्हणतो, अजून जुन्या वेषात असते. आरशांची चोळी म्हणजे कांचळी, घेरदार घागरा म्हणजे फेटिया, हातात कोपरापर्यंत बांगड्या, त्या बलय्या. दादीनं तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "रडू आत अडकलं पोरीचं. अडकलं रडू माणसाले सडवते. बाहेर काढा."

आमच्याकडे रडणं काढतात. मयताच्या घरची बाई दगड होऊन बसली तर बाया तिच्याभोवती बसून सूर धरतात, गेलेल्याचं एकेक सांगतात, तिला हलवतात, आणि ती फुटते. मी पाहिलं आहे, फुटलेली बाई नंतर झोपते आणि उठून पाणी मागते. त्यामुळे दादीचं म्हणणं मला पटलं. पटलं काय, मला ते माझ्या हातचं काम वाटलं. रडवण्यात माझ्यापेक्षा कोण वरचढ होतं तांड्यात?

दुपारी बाया आल्या. अंगण भरलं. लेकीला मध्ये बसवलं, तिच्या डोक्यावर ओढणी टाकली, आणि मी सूर धरला. उमरखेडला गिळलेलं सगळं वर आलं. नातवाचं रडले, त्याला मांडीवर घेतला नाही म्हणून रडले, तिच्या ओल्या ब्लाउजचं रडले. पंधरा-वीस बायांचा सूर एक झाला की अंगावर काटा येतो, छातीत ढोल वाजल्यासारखं होतं. आम्ही खरंच रडत होतो. सगळ्यांच्या डोळ्यांना धार होती. दादी तिचे खांदे धरून पुढे-मागे झुलवत होती.

ओढणीखाली लेकीनं दोन्ही कान दाबून धरले होते. ते मला दिसलं तेव्हा ती उठली, दादीचा हात झटकला आणि पळाली.

ती आमच्याच वावरात सापडली, कापसाच्या उभ्या पऱ्हाट्यांच्या मधोमध बसलेली. अंगावर सुकलेली बोंडं, पायात चप्पल नाही. मी जवळ बसले. मग तिनं मला याडी, म्हणजे आई, अशी हाक मारली. आल्यापासून स्वतःहून बोललेली पहिली गोष्ट.

"याडी, मी मेली का?"

मी म्हटलं, "असं काहून बोलतेस माय?"

"मग सगळ्या मिळून मले काहून रडून राह्यल्या? मले वाटलं, मीच मेली. आणि मले बरं वाटलं."

ती हे रडत म्हणाली असती तर मी तिला छातीशी धरलं असतं. ती हे, भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं, तसं म्हणाली. तिला हाताला धरून घरी आणलं आणि नवऱ्याला गोठ्यामागे नेऊन सांगितलं. त्यानं ऐकलं. माणूस मुळात कमी बोलणारा. घरात गेला, कणगीच्या मागे ठेवलेल्या फवारणीच्या औषधाच्या साऱ्या बाटल्या पोत्यात भरल्या, पोतं खांद्यावर टाकलं आणि गावातल्या मित्राच्या शेतावरच्या कोठीत कुलूप लावून ठेवून आला. येऊन म्हणाला, "उद्या यवतमाळले जाऊ."

दादी म्हणाली आधी भगताकडे न्या. भगताला मी नंतर बघते म्हटलं. तोंड माझं तिखट आहे म्हणून एवढं तरी जमलं.

पण खरं सांगायचं तर भीती मलाही होती. उभी हयात लोकांना सांगत आले, लेकराला दवाखान्यात न्या, लाजू नका. आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात त्या मनोविकाराच्या दाराशी रांगेत उभं राहायची वेळ आली तर मी ओढणी नाकापर्यंत ओढली. तेवढ्यात समोर आमच्या शेजारच्या तांड्याचा एक ओळखीचा माणूस, बायकोला घेऊन. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि दोघं मिळून छताच्या पंख्याकडे बघायला लागलो. पंखा बंद होता.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलणं केलं, मग आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, हा आजार आहे, खूप खोलवर गेलेलं नैराश्य. गोळ्या लागतील, गोळ्यांना वेळ लागेल, तोवर तिला एकटं सोडायचं नाही. "घरात शेतीची औषधं असतील ना?" असं विचारल्यावर माझ्या नवऱ्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "कालच नेली घराबाहेर." बाई म्हणाल्या, "फार चांगलं केलंत." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाचा मला त्या दिवसाइतका आधार कधी वाटला नव्हता.

शेजारच्या खोलीत एक समुपदेशक बाई बसायच्या. त्यांनी तांड्यातलं ते दुपारचं रडणं माझ्या तोंडून पुरतं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडची पद्धत वाईट नाही, मावशी. पण तिला सध्या कुठलाच आवाज पेलत नाही. तुम्ही तिला रडवू नका आणि हसवूही नका. नुसत्या जवळ बसा."

"आणि बोलू काय?"

"काहीच नाही."

माझा नवरा फस्सकन हसला. कितीतरी दिवसांनी आमच्यातलं कोणी हसलं होतं, म्हणून मी त्याला काही बोलले नाही.

गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मला त्या वर्षी कळलं. मी तिच्याजवळ बसून शेंगा फोडायची, तूर पाखडायची, अंगणवाडीचे आकडे मोबाईलमध्ये भरायची. तोंडाशी आलेली वाक्यं गिळून गिळून पोट फुगायचं. बाहेरून कुणी लेक आली आणि सूर ऐकू आला की मी दार लावून घ्यायची, स्वतः जायची नाही. बाया म्हणायला लागल्या, सेविकाबाई बदलली. बदलले होतेच. पंधरवड्याला आम्ही दोघी आर्णीहून यवतमाळची गाडी धरायचो. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण ती खिडकीशी आणि मी तिच्या कडेला, असं जमवायचो. जाताना गप्प, येताना गप्प. आर्णीत उतरलं की मी जिलबी घ्यायची, कारण लहानपणी तिला आवडायची. ती खायची नाही. मी तिच्या वाट्याचीही खायची आणि मनात चिडायची.

बरं होणं मला वाटलं होतं तसं आलं नाही. एक दिवस तिनं विचारलं, "मिठाचा डबा काहून हलवला इथून?" मी उत्तर द्यायच्या आधी देवाला हात जोडले. मग तिनं केस विंचरले. मग एकदा अंगणवाडीच्या उंबऱ्यात येऊन बसली. लेकरं जवळ गेली की अंग चोरायची, पण बसायची. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात कुणीतरी तिच्या कानात सांगितलं की त्या गोळ्यांची सवय लागते. तिनं गुपचूप बंद केल्या. पोळ्याच्या सुमारास ती पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. उशीखाली गोळ्या सापडल्या तेव्हा माझा ताबा सुटला. गप्प बसायचं व्रत मोडून मी इतकी ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. बोलून झाल्यावर मी रडायच्या बेताला आले. ती तिथूनच म्हणाली, "ओरड तू. चालते मले. रडू नको फक्त." आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला नाही, मला पाणी दिलं.

समुपदेशक बाई महिन्यातून एकदा काही बायांना एकत्र बसवायच्या, माझ्या लेकीलाही. त्यात मारेगावकडची एक शेतकरीण होती. तिचंही लेकरू असंच गेलं होतं. खोलीत काय बोलणं व्हायचं ते मला ठाऊक नाही, मी बाहेर बाकावर असायची. पण त्या दोघींनी फोन नंबर घेतले आणि मग रोज दुपारी माझी लेक फोन घेऊन गोठ्याकडे जायला लागली. लांबून तिचा आवाज ऐकू यायचा, शब्द नाही. मी मुद्दाम कधी शेणाची पाटी, कधी चाऱ्याची पेंढी घेऊन त्या बाजूला जायची, तर ती आवाज खाली करायची. मला वाईट वाटायचं. पोटच्या पोरीनं आपलं दुःख परक्या बाईला सांगावं, जिचं तोंडही मी धड पाहिलं नाही, आणि मी, जी तांड्यातल्या सगळ्यांचं दुःख गळ्यातून काढते, तिनं चारा घेऊन फिरावं. समुपदेशक बाईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला त्रास होईल, असं तिला वाटतं."

राहिली नात. ती तिकडेच होती. मी उमरखेडला गेले, लेकरू आईला भेटवा म्हणून. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "वेड्या बाईच्या हाती लेकरू कसं द्यावं?" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काम मात्र झालं नाही. नात आतून डोकावली आणि मला ओळखलं नाही.

शेवटी समुपदेशक बाईंनी जावयाला बोलावणं धाडलं. मला वाटलं येणार नाही. आला. दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला. त्या दिवशी आम्ही सगळे आत होतो. बाईंनी त्याला एवढंच विचारलं, लेकरू गेलं त्या दिवशी तुम्ही कुठे होता? तो म्हणाला, "मीच नेलं त्याले पुरायले. एकटाच होतो. गाडीच्या पेट्रोल टाकीवर ठेवून एका हातानं धरलं होतं." आणि हा बाप्या हमसून हमसून रडायला लागला. सूर नाही, शब्द नाही, नुसता गळा. माझी लेक त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पण तिनं उठून त्याच्यापुढे पाण्याची बाटली ठेवली. इतके महिने मी ज्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, त्याच्याही पोटात एक मेलेलं लेकरू आहे, हे मला तेव्हा दिसलं. शिव्या थोड्या कमी केल्या.

मग तो रविवारी लेकराला घेऊन यायला लागला. पहिल्या रविवारी नात बापाच्या पायांमागे लपली आणि आई जवळ गेली तर किंचाळली. लेक मागे सरकली आणि अंगणात लांब बसून राहिली, दिवसभर. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या की चौथ्या वेळी नातीनं तिच्या हातातली शेंग घेतली.

आर्णीत तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मैत्रिणीनं तिला बोलावलं, आधी नुसतं बसायला, मग टायपिंगला. बापानं जुनी स्कुटी दुरुस्त करून दिली. आणि एक दिवस जेवताना तिनं सांगितलं की ती आर्णीत खोली घेणार, मुलीला तिथल्या बालवाडीत घालणार. उमरखेडला जाणार नाही. नवरा सुटीच्या दिवशी येऊन राहील, त्यालाही चालतंय. तांड्यात दोन दिवस हाच विषय. सोडचिठ्ठी आहे की काय? हे कसलं अर्धं घर? मलाही ते अर्धंच वाटलं, आजही वाटतं. पण उमरखेडची ती आतली खोली मी पाहिली होती, म्हणून मी कुणाला बोलू दिलं नाही. ती निघाली तेव्हा दादी सूर धरायला पुढे आली. मी दादीचा हात धरला आणि मान हलवली. लेकीनं स्कुटीला किक मारली, "येतो," म्हणाली, आणि गेली. मी अंगणवाडीत जाऊन लेकरांच्या सतरंज्या झटकत बसले.

हे झालं पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आधी. त्यानंतर तुरी फुलल्या, सोयाबीनचा निपटारा, कापसाची वेचणी, आणि माझ्या मागे सर्वेक्षणाचं काम, असे बरेच दिवस गेले. फोनवर बोलणं व्हायचं, दूध आणलं, ताप उतरला, गोळी घेतली का, घेतली. एका दुपारी आर्णीला मीटिंग होती. ती आटोपून मी तिच्या खोलीवर गेले. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, घरमालकिणीच्या अंगणातली खोली. नात दाराशी डब्याची झाकणं मांडून खेळत होती. मी चप्पल काढली. मी तोंडावर साधं हसू आणलं होतं, दोन वर्षांच्या सवयीनं.

लेक बाहेर आली. हाताला कणीक होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तशाच हातांनी माझ्या गळ्यात मिठी घातली. माझी ओढणी ओढून दोघींच्या तोंडावर घेतली. आणि सूर लावला.

"याडी ये..."

आवाज फाटका होता. सूर लागत नव्हता, जागा चुकत होती. मी तिला लग्नाआधी शिकवलेलं ती विसरली होती. पण ती थांबली नाही. त्याचे केस काळेभोर होते ग याडी, तिनं सांगितलं. नर्सनं कपड्यात गुंडाळताना मला केसच दिसले ग, तोंड नाही दिसलं. मी दाखवा म्हटलं, कोणी दाखवलं नाही ग. तो पोटात उजव्या बाजूला लाथ मारायचा ग, रात्री झोपू नाही द्यायचा. दूध आलं त्याच्यासाठी, मी मोरीत पिळून टाकलं ग. मी त्याचं नाव ठेवलं होतं, कोणाला नाही सांगितलं ग. आणि तिनं ते नाव घेतलं.

पद्धत अशी की ऐकणारीनं मध्ये उत्तराची ओळ घालायची. माझ्याइतक्या ओळी तांड्यात कुणाला येत नाहीत. मला एकही आठवली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले, गप्प.

घरमालकीण पळत बाहेर आली. चांगली बाई आहे, तोंड उतरून गेलं होतं तिचं. "काय झालं वो? कोण वारलं?"

ओढणीखाली लेक एकदम थांबली. तिचा श्वास माझ्या गळ्यावर लागत होता.

मी म्हटलं, "माझा नातू वारला."

घरमालकीण जागीच बसली. नात झाकणं टाकून आमच्याकडे बघत होती. लेकीचा सगळा भार माझ्या अंगावर आला. ओढणीखाली ती आता सुराशिवाय रडत होती, तिचा नवरा रडला होता तशी, नुसती. मला वाटलं ती कोसळेल, म्हणून मी भिंतीला पाठ टेकली.

मग तिनं मान वर केली. माझ्या ओढणीच्या टोकानं आपलं नाक पुसलं, माझ्या गालाला लागलेली कणीक पुसली.

"बाटी खादी काई?" तिनं विचारलं.

मीटिंगमध्ये जेवण होतं आणि मी पोटभर जेवून आले होते.

"नाही," मी म्हटलं, आणि आत जाऊन तिच्या चुलीपाशी बसले.